काळ्या मातीला सोडायला लावणारी बकेट: फिरतं पातं आखण्यापासून बसवण्यापर्यंत

मे महिन्यात खानदेशातल्या कुठल्याही धरणाच्या उघड्या पडलेल्या तळात जाऊन उभे राहा. वरची वीतभर माती उन्हानं भेगाळलेली, दगडासारखी. खालचा गाळ मात्र मळलेल्या कणकेसारखा. जेसीबीचा ऑपरेटर बकेट भरतो, ट्रॉलीवर नेतो, उघडतो. निम्मा माल पडतो, निम्मा आतच बसून राहतो. मग आपटाआपटी सुरू. तीन-चार दणके देऊनही उपयोग झाला नाही की क्लीनर फावडं घेऊन खाली उतरतो आणि ऑपरेटर केबिनमधून ओरडतो, "भाऊ, माटी सुटत नही!" मीटर मात्र चालूच असतो.

२०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तेव्हापासून आमच्या अमळनेर भागातल्या वर्कशॉपांकडे अशा बकेटी दुरुस्तीला जास्त येऊ लागल्या. कान (पिना अडकवायचे पत्रे) चिरलेले, पिना वाकलेल्या, बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) अंडाकृती झालेले. हे सगळं खोदून झालेलं नसतं, आपटून झालेलं असतं. त्या दुरुस्त्या करता करताच आम्ही बकेटच्या आत फिरणारं पातं बसवायला लागलो. पहिलं बिघडलं, दुसरं निम्मं चाललं, तिसरं नीट चाललं. त्या तिन्हींतून शिकलेलं इथं मांडतो.

माती धरून का ठेवते, हे आधी

काळी माती म्हणजे बेसाल्ट कुजून झालेली माती. तिच्यातले माँटमोरिलोनाइट जातीचे चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि लोखंडाला पाण्याच्या पातळ थरानं चिकटतात. हे पहिलं कारण. दुसरं कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: ढेकूळ बुडाला इतकं चपखल बसतं की त्याच्यामागे हवा शिरायला फटच राहत नाही. ते सुटायला लागलं की मागे पोकळी होते आणि पोकळी त्याला परत ओढते. म्हणून नुसतं ढकलून भागत नाही, मागून हवाही आत यावी लागते.

बुडाला जळकं ऑइल फासायचा जुना उपाय आहे. तो चार खेपा टिकतो, आणि ते ऑइल जातं धरणात नाहीतर कुणाच्या तरी केळीच्या शेतात. तो विचार सोडून द्या.

हलती बकेट तीन प्रकारची

लोडरच्या पुढच्या मोठ्या बकेटचा जबडा वरच्या बिजागरीवर उघडतो, त्या प्रकाराला फोर-इन-वन म्हणतात. तीच बकेट डोझरच्या पात्यासारखी सपाटीकरणालाही चालते. दुसरी टिल्ट बकेट. ती अख्खीच डावी-उजवी साधारण ४५ अंश झुकते. शेततळ्याचा उतार काळ्या मातीत १:१.५ (एक उभा, दीड आडवा) धरला तर तो कोन सुमारे ३४ अंश होतो, म्हणजे टिल्ट बकेट तो एका जागी उभी राहून तासू शकते. दोन्ही प्रकारांना जादा हायड्रॉलिक लाइन लागते. त्या विकतच घ्याव्यात. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बनवायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार आपला. बकेटच्या आत, मागच्या भिंतीला टेकून एक पातं असतं. बकेट उघडली की ते मागून ओठाकडे, म्हणजे बकेटच्या पुढच्या धारेकडे, फिरतं आणि माती बाहेर लोटतं. त्याला सिलेंडर लागत नाही, होज पाइप लागत नाही. बकेट उघडताना तिच्यात आणि आर्ममध्ये (बकेट जिच्या टोकाला असते ती मशीनची भुजा) जो कोन वाढत जातो, तोच साखळीनं पात्याला ओढतो. मागच्या बाजूच्या बॅकहो (खोदायच्या) बकेटसाठी याहून सोपं आणि गाळात टिकणारं मला दुसरं दिसलेलं नाही.

एक इशारा आत्ताच देऊन ठेवतो. ही बकेट तापी-बोरीकाठच्या गाळाची, खोल काळीची. सातपुड्याच्या पायथ्याचे गोटे किंवा धुळे-नंदुरबारकडच्या काळ्या दगडाच्या डाइक (जमिनीतल्या उभ्या भिंती) हिच्यासाठी नाहीत. तिथं दात असलेली साधी जाड बकेटच लावा.

मोजमाप: आधी मातीचं, मग मशीनचं

जिथं काम आहे तिथली मूठभर माती घ्या आणि तळहातावर वळून ३ मिलिमीटर जाडीची वात करा. ३ मिलिमीटरला येण्याआधीच तुटली, तर माती कोरडी आहे. साधी बकेट चालेल. वात न तुटता आणखी बारीक होत गेली, तर ती चिकटायच्या टप्प्यात आहे. मग सध्याच्या बकेटनं एक खेप भरा, रिकामी करा, इंजिन बंद करा आणि आत उरलेली माती घमेल्यांत काढून वजन करा. एकदा आम्ही अशी आठ घमेली काढली. शंभर किलोच्या वर भरली. म्हणजे तीन खेपांतली जवळजवळ एक खेप फुकट मशीन हलवत होतो. हा आकडा लिहून ठेवा. नवी बकेट चालली की नाही, हे नंतर यावरूनच कळेल.

मशीनवर चार मापं घ्या. आर्मच्या पिनचा व्यास, पण जिथं घासली नाही तिथला. आर्म आणि लिंक (सिलेंडरचा जोर बकेटला देणारी पट्टी) या दोन पिनांमधलं केंद्र ते केंद्र अंतर. दोन कानांमधली आतली रुंदी, बुशच्या तोंडापासून तोंडापर्यंत. चौथं माप बकेट पूर्ण मिटल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत किती अंश फिरते ते. इथंच लोक आळस करतात. आर्म उभा ठेवा, बकेटच्या बाजूच्या पत्र्यावर खडूनं एक रेघ मारा, ओळंबा सोडा, दोन्ही टोकांना कोन मोजा. पुढच्या हिशोबासाठी मी १८५ अंश धरतो. तुमचं मशीन वेगळं सांगेल, मशीनचंच ऐका.

आधी केंद्र, मग बकेट

साध्या बकेटचा बूड आखताना आपण हाताला येईल तसा गोलावा देतो. इथं ते चालत नाही. पातं ज्या पिनभोवती फिरणार, तोच बुडाच्या गोलाव्याचा मध्य असला पाहिजे. तसं नसेल तर पातं कुठंतरी बुडाला घासेल आणि कुठंतरी चार बोटांची फट सोडेल.

हे केंद्र तोंडाच्या वरच्या काठाला, आर्मच्या पिनपासून सुमारे १२० मिलिमीटरवर घ्या. तिथून ओठाकडे जाणारी सरळ रेघ म्हणजे बकेटचं तोंड. पात्याची लांबी, म्हणजे केंद्रापासून त्याच्या धारेपर्यंत, ६०० मिलिमीटर. मागच्या भिंतीपासून ओठापर्यंतचा कोन ११० अंश. आतली रुंदी मागे ६००, ओठाजवळ ६२०. ही २० मिलिमीटरची वाढ विसरू नका. माती पुढे सरकेल तशी बाजूच्या पत्र्यांपासून मोकळी होत जाते. उलट झालं, म्हणजे ओठाकडे अरुंद, तर पातं माती बाहेर न काढता ठासून भरेल.

आता किती मावतं ते पाहू. वर्तुळाच्या पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले कोनाचे रेडियन भागिले दोन. ११० अंश म्हणजे १.९२ रेडियन. ०.६ × ०.६ × १.९२ ÷ २ = ०.३४६ चौरस मीटर, गुणिले रुंदी ०.६, म्हणजे सुमारे ०.२०७ घनमीटर. पातं, ते ज्यावर फिरतं तो मधला पाइप आणि पट्ट्या यांची जागा म्हणून १० टक्के वजा करा: ०.१८५ च्या आसपास. सुटा ओला गाळ घनमीटरला १.६५ टन धरला तर एका खेपेला ३०५ किलो. हे काठोकाठचं माप आहे, वरचा ढीग यात नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात असतो तो बहुतेक ढिगासकटचा आकडा, म्हणून दोन्हींची तुलना करताना फसू नका.

पातं, पाइप आणि साखळ्या मिळून ७० ते ७५ किलो वाढतात. तेवढं वजन उचलण्याच्या ताकदीतून वजा होतं. म्हणून "जरा मोठीच करू" हा मोह आवरा.

फट किती

पात्याची धार आणि बूड यांत किती फट ठेवायची, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. माझ्या पहिल्या बकेटला मी ३ मिलिमीटर ठेवली होती, अगदी मशीनकाम केल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी सुपारीएवढा गोटा पाचरीसारखा अडकला आणि पातं वाकलं. आता ८ ठेवतो, बाजूंनाही तेवढीच. म्हणजे पात्याची रुंदी ५८४ आणि बुडाच्या आतल्या तोंडाची त्रिज्या ६०८. या ८ मिलिमीटरमध्ये जो मातीचा थर राहतो तो राहू द्या. तेवढ्यानं काही बिघडत नाही. फारच वाटलं तर धारेला जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी बोल्टनं लावा. ती झिजते, पण बदलायला दहा मिनिटं लागतात.

ताकदीचा हिशोब

चिकट काळीसाठी मी दर चौरस सेंटिमीटरला १५० ग्रॅम पकड धरतो. बुडाचं क्षेत्रफळ साधारण ६,९०० चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजू मिळूनही योगायोगानं तेवढंच. म्हणजे प्रत्येकी सुमारे १,०३५ किलोची पकड. बुडाची पकड केंद्रापासून ०.६ मीटरवर असते, बाजूंची सरासरी ०.४ वर. पिळाचा जोर ६२१ + ४१४ = १,०३५ किलो-मीटर. पात्याच्या पाइपाला वरून २५० मिलिमीटरचे दोन हात जोडले, तर साखळीवर येणारा ताण १,०३५ ÷ ०.२५, म्हणजे सुमारे ४.१४ टन.

ग्रेड ८० ची १३ मिलिमीटरची साखळी ५.३ टन सुरक्षित भार घेते. दोन लावायच्या, पण निवडताना एकट्या साखळीवर सगळा ताण आला असं धरूनच निवडायच्या, कारण दोन्ही कधीच सारख्या ताणल्या जात नाहीत. भंगारातली ट्रॅक्टरची साखळी "चालेल ना भाऊ" म्हणून कोणी आणली, तर नाही चालणार.

हे हात बकेटच्या कानांच्या बाहेरून जाऊ द्या, नाहीतर उघडताना कानालाच भिडतील.

पुठ्ठ्याची बकेट

कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करणारा मुलगा असेल तर उत्तम. मी मात्र अजूनही वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं आर्म खऱ्या मापात काढतो, पुठ्ठ्याची बकेट कापतो, पुठ्ठ्याचंच पातं कापतो आणि पिनांच्या जागी खिळे लावतो. साखळीच्या जागी सुतळी. मग बकेट हातानं फिरवायची आणि सुतळी कधी ताणते ते बघायचं.

बघायचं काय, तर बकेट एकूण १८५ अंश उघडते. त्यातले पहिले ९० अंश सुतळी सैल राहिली पाहिजे, शेवटच्या ९५ अंशांत तिनं पात्याला मागून पुढे आणलं पाहिजे. पातं ओठापर्यंत नेऊ नका, १५ अंश अलीकडे थांबवा. तेवढी माती आपसूक पडते. सुतळी लवकर ताणत असेल तर आर्मवरची कडी पिनकडे सरकवा किंवा सुतळी वाढवा. आर्मची पिन आणि पात्याची पिन एका जागी नसल्यामुळे कोनाचं गणित कागदावर सरळ येत नाही. पुठ्ठा अर्ध्या तासात दाखवतो.

खोदायला सुरुवात करताना बकेट बरीच उघडी असते, म्हणजे पातं त्या वेळी थोडं पुढे आलेलं असतं. घाबरू नका. साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. आत शिरणारी माती पात्याला मागे रेटते, आणि बकेट मिटली की पातं स्वतःच्या वजनानं मागच्या भिंतीला जाऊन टेकतं. स्प्रिंग लागत नाही. साखळीऐवजी लोखंडी लिंक लावली असती तर ही मोकळीक गेली असती.

लोखंड आणि जोडकाम

बूड, बाजू आणि पातं १२ मिलिमीटरचं, जमलं तर आयएस २०६२ चं ई-३५० ग्रेड. ओठाची पट्टी २० मिलिमीटर, ४०० ब्रिनेल कठीणपणाची. गाळात दात लावू नका, सपाट ओठ ठेवा. पात्यामागे तीन उभ्या पट्ट्या द्या, कारण खोदताना मातीचा सगळा रेटा पात्यावरच येतो. मागच्या भिंतीवर पातं टेकतं तिथं दोन जाड रबरी ठोकळे.

बुडाची पाटी रोलिंगला देताना लांबी जाडीच्या मध्यावरून काढा: ६१४ × १.९२, म्हणजे सुमारे १,१७९ मिलिमीटर. पण तेवढीच कापून देऊ नका. तीन रोलच्या मशीनवर पाटीची दोन्ही टोकं सपाटच राहतात. प्रत्येक टोकाला १५० जादा ठेवा, रोल झाल्यावर प्लायवुडचं टेम्प्लेट आत लावून बघा आणि मग सपाट तुकडे कापून टाका.

मागच्या भिंतीत, पात्याच्या पाठीमागे, हाताचा पंजा जाईल अशा दोन खिडक्या कापा. हवा तिथूनच येते. शिवाय फटीतून मागे गेलेला गाळ तिथूनच बाहेर पडतो. माझ्या दुसऱ्या बकेटला खिडक्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत पात्यामागे बोटभर जाडीचा थर जमला, पातं मागे टेकेना, आणि बकेट दिवसागणिक लहान होत गेली!

दोन्ही बाजूंचे बॉस (पिना-बुश बसायची जाड कडी) टॅक करताना, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड करताना, त्यांच्यातून एकच सरळ, लांब शाफ्ट घालून ठेवा आणि वेल्डिंग थंड होईपर्यंत काढू नका. तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. टॅक केल्यावर एकदा, अर्धं वेल्डिंग झाल्यावर एकदा. एका बाजूनं सलग ओढत नेलं तर बकेट पिळवटते, म्हणून वीतवीतभराचे टप्पे, आलटून पालटून. ओठाच्या कठीण पट्टीला ७०१८ रॉड, तोही भट्टीत वाळवलेला, आणि पट्टी आधी गॅसनं कोमट करून. पावसाळी हवेत ओला रॉड वापरला तर चीर लगेच दिसत नाही, नंतर दिसते.

मशीनवर बसवणं

आर्मवर साखळीची कडी वेल्ड करू नका. आर्म म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्या खालच्या पत्र्यावर नको तिथं वेल्ड पडलं की तिथूनच तडा जातो. बोल्टनं आवळणारा दोन तुकड्यांचा क्लॅम्प करा, आत रबर घाला. मशीनवर काही वेल्ड करावंच लागलं तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंग जोडाच्या जवळच लावा.

साखळीची लांबी शेवटी, मशीनवरच ठरवायची. बकेट जमिनीलगत पूर्ण उघडा, इंजिन बंद करा. पातं ओठापासून १५ अंश अलीकडे, म्हणजे धारेवर मोजलं तर १६ सेंटिमीटर आत, लाकडी ठोकळ्यावर टेकवा. त्या स्थितीत साखळी जेमतेम ताठ होईल एवढ्या कड्या ठेवा. शंका आली तर एक कडी जास्त ठेवा, कमी कधीच नको.

कारण माझ्याकडून एक कडी कमी पडली होती. बकेट पूर्ण उघडायच्या आधीच पातं ओठाच्या अडणीवर आदळलं, सिलेंडर मात्र ढकलतच राहिला. क्लॅम्पचा बोल्ट गोळीसारखा उडून ट्रॉलीच्या फाळक्यात रुतला. जवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सिलेंडरच्या जोरापुढे ५.३ टनांची साखळी म्हणजे धागा. बकेट सिलेंडरच्या टोकाला थांबली पाहिजे, साखळीच्या टोकाला नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी प्रत्येक बकेटला करतो. साखळीवर जुना होज पाइप चढवतो. तुटली तर उसळी कमी, आणि बकेट मिटताना तिचा गुंता होत नाही. बाजूच्या पत्र्यात आणि पात्याच्या कडेत एकसमान भोक पाडून त्यात अडणीची पिन ठेवतो. आत हात घालायच्या आधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, पिन आत, हा क्रम. पातं ३३ किलोचं आहे आणि ते केव्हा पडेल हे सांगून पडत नाही.

पहिला दिवस

सुरुवातीला निम्मी बकेट भरून वीसेक खेपा घ्या आणि ऑपरेटरला सांगा, आपटायचं नाही. सवय जात नाही. आमचा एक पोरगा रिकामी बकेटसुद्धा आपटायचा. उघडण्याचा शेवटचा भाग हळू घ्यायला शिकवा, कारण खरं काम तिथंच होतं.

मग परत घमेल्यांचा हिशोब करा. माती फक्त मधेच उरत असेल तर पातं वाकतंय, पट्ट्या वाढवा. एकाच बाजूला उरत असेल तर दोन साखळ्यांच्या लांबीत फरक आहे. पातं सुरुवातीला अडून मग झटका देऊन सुटत असेल तर मागच्या खिडक्या बुजल्या आहेत. आणि पातं पूर्ण फिरूनही ओठाजवळ लोंबता गोळा राहत असेल, तर त्याला काही करू नका. पुढच्या खेपेला तो जातो.

पाइपाच्या बुशना दिवसातून दोनदा ग्रीस मारा, जुनी माती मिसळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आठवड्यानं साखळीची एकेक कडी बघा. ताणून लांब झालेली कडी शेजारच्या कडीत अडकायला लागते, ती दिसली की साखळी बदला. आणि जादा शॅकल (साखळी जोडायची पिनवाली कडी) केबिनमध्ये ठेवा. धरणाच्या तळातून तालुक्याच्या गावी शॅकल आणायला गेलेला माणूस जेवूनच परत येतो.